गौरीच्या गोळ्या

आरे, जि. रत्नागिरी
आषाढ वद्य पंचमी, शके १९१०

गौरीला येणार नाहीस हे तुझ्या बापानं पोस्टकार्डावर चार ओळींत कळवायचं आणि तू शाई जपून ठेवायची, हे कुठल्या कॉलेजात शिकवतात? आणि कारण काय, तर उंदीर! त्यांना सोडून निघता येत नाही, त्यांचं मूत कोणीतरी गोळा करायला हवं म्हणे. एमेस्सी झालीस, वर आणखी शिकतेस, आणि ऐन गणपतीत गणपतीचंच वाहन चिरत बसणार. गावात कोणी विचारलं तर मी सांगते, बँकेत आहे.

चि. वृंदास आजीचे अनेक आशीर्वाद. हे राहिलं होतं.

तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहिते. आमच्या गौरी खड्यांच्या. खालच्या पऱ्ह्यावर जायचं, वाहत्या पाण्यातले सात खडे ताम्हणात घ्यायचे, तोंडात पाण्याची चूळ धरायची आणि कोणाशी न बोलता, मागं न बघता दगडी पायऱ्यांची पाखाडी चढून घरी यायचं. हे काम सवाष्णीचं, नाहीतर कुवार मुलीचं. मी पडले विधवा. तुझे आजोबा गेल्यापासून माझा हात त्या खड्यांना चालत नाही. तुझी आई असती तर प्रश्न नव्हता, पण तीही गेली. राहिलात दोघी, तू आणि तुझी मालिनीकाकू. तू उंदरांपाशी. म्हणजे मालिनी.

आता मालिनीचं ऐक. शिमग्यापासून तिचं एकच चाललंय. पाखाडी चढताना मध्येच बसते. विहिरीवरून घागर आणली की खांबाला टेकते. पावसात पाय सुजलेत. संध्याकाळी बोटानं दाबून खळी पाडते आणि दागिना बघावा तशी बघत बसते. मी म्हटलं, "पंचेचाळिशी उलटली की सगळ्यांचेच पाय दुखतात गो, मी काय बसले?" तर म्हणते, "आई, दुखत नाहीत, जड होतात." तिचा नवरा, तुझा भास्करकाका, बसलाय नोकरीपायी अलोऱ्याच्या कॉलनीत, महिन्यातल्या एखाद्या रविवारी उगवतो, जेवून झोपतो. तो काय बघणार?

त्यात तिची पाळी नेमकी गौरीत येते. दर वर्षी गोळ्या घेऊन पुढं ढकलते. आमच्या वेळी गोळ्या नव्हत्या. कावळा शिवला की मागच्या पडवीत बसायचं आणि शेजारची सवाष्ण बोलवायची. आता शेजारच्या सवाष्णी मुंबईला आणि घरांना कुलपं. या वर्षी मालिनी म्हणते, "त्या गोळ्यांनी मला फुगल्यासारखं होतं, वृंदा येणार असली तर नको घ्यायला." तुझ्या भरवशावर होती. आता तूच कळव तिला.

आगरात नारळ पडतात, वेचायला माणूस नाही. घरात आम्ही दोघी आणि मांजर. त्यातल्या त्यात मांजर बोलकं.

आजी


मुंबई
११ ऑगस्ट १९८८

ती. गं. भा. आजीस, शि. सा. न. वि. वि.

बाबांना लिहायला मी सांगितलं नव्हतं. माझाच धीर होत नव्हता, तेवढ्यात त्यांनी कार्ड टाकलं. आता चिडू नको असंही म्हणत नाही, चिडलीस की तुझं पत्र मोठं येतं.

मूत गोळा करते हे खरं आहे. का, ते सांगते. आजवर सगळे समजत होते की हृदय म्हणजे रक्त ढकलणारा पंप, दुसरं काही नाही. सहा-सात वर्षांपूर्वी परदेशात कळलं की हृदयाच्या वरच्या कप्प्यांत एक रस तयार होतो. अंगात पाणी जास्त झालं की ते कप्पे ताणले जातात, ताणले की तो रस रक्तात सोडतात, आणि रस जाऊन मूत्रपिंडांना हुकूम देतो: मीठ सोडा, पाणी सोडा. हृदय हुकूम देतं, आजी! माझं काम त्याच्या पुढचं. माझ्या मादी उंदरांचे बीजकोश काढलेले आहेत. काहींना मी बाईच्या अंगातला रस टोचते, काहींना नुसतं तेल. ज्यांना रस मिळाला त्यांच्या हृदयात तो पाणी काढणारा रस जास्त तयार होतोय, असं दिसतं. सर म्हणतात, एवढ्यात नाचू नकोस. पण मला तर दिसतंय. बाईचा रस हृदयाच्या मदतीला धावतो.

हे मी ज्याला सांगायला जाते तो जांभई देतो. बाबा पेपर वर धरतात. रविवारी प्रयोगशाळेत मी एकटीच असते, पिंजरे धुते आणि उंदरांनाच सांगते. म्हणून तुला एवढं लिहिलं.

काकूचे पाय एकदा डॉक्टरांना दाखव. पावसाळ्यात अशी सूज बऱ्याच जणांना येते, काळजीचं नसेल. मीठ आणि लोणचं कमी करा. तिला सांग, दिवाळीत येईन तेव्हा माझ्या केसांना तेल तिनंच लावायचं, आई गेल्यापासून दुसऱ्या कोणाचा हात मला चालत नाही.

तुझी,
वृंदा


(कार्ड)
आरे, श्रावण वद्य तृतीया

चि. वृंदास आशीर्वाद. पत्र मालिनीकडून दोनदा वाचून घेतलं, मग स्वतः वाचलं. कळलं. खाजणाच्या बांधाला दार असतं, ओहोटीला उघडलं की शेतातलं पाणी खाडीत जातं. तसं काळजालाही दार आहे, आणि ते ओढायला बाईचा रस लागतो. एवढ्यासाठी इतके उंदीर कशाला मारायचे? असो. तुझ्याच पत्रावरून सुचलं. दुकानातून गोळ्या आणून मालिनीला सुरू केल्या. कसल्या ते कार्डावर लिहीत नाही, पोस्टमन वाचतो आणि वर मलाच अर्थ विचारतो. एरवी गौरी गेल्या की बंद करतो, या खेपेस पाय उतरेपर्यंत चालू ठेवायच्या. ती नको म्हणत होती. मी म्हटलं, घरातली पोर शास्त्र शिकली, तिनं लिहिलंन ते खोटं का? मग घेतलीन. तुझ्या शिक्षणाचा घराला पहिल्यांदा उपयोग झाला.

आजी


मुंबई
६ सप्टेंबर १९८८

ती. आजीस सा. न.

घाईत चार ओळी. तुझं कार्ड पिंजऱ्यांपाशी उभ्या उभ्या वाचलं. काकूच्या पायांसाठी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, फार बरं झालं. पाणी उतरवायच्या गोळ्या मनानं बंद करायच्या नसतात, सोडल्या की सूज पुन्हा चढते. काकू कुरकुरली तरी देत राहा. खाजणाच्या दाराचं मी सरांना सांगितलं, ते खूप हसले आणि म्हणाले, आजींना इकडे घेऊन या.

गौरींना माझा नमस्कार.

वृंदा


आरे
भाद्रपद शुद्ध द्वादशी

चि. वृंदास आशीर्वाद.

डॉक्टर तू कुठून काढलास कोण जाणे, पण तुझी ताकीद मालिनीपुढं धरली. म्हटलं, "बघ, कुरकुरली तरी दे असं लिहिलंन." तिनं वाचलंन, कागदाची घडी घातलीन, गोळी गिळलीन. नंतर म्हणाली, "वृंदा म्हणते तर असेल." पुन्हा कुरकुर केली नाही.

गौरी झाल्या. कशा झाल्या ते लिहिते.

सकाळी मालिनी पऱ्ह्यावर गेली, मागं कामाची सगुणा घंटी वाजवत. मी वर अंगणाच्या गडग्याशी भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी. खालून घंटी ऐकू येत होती ती थांबली. बघते तर मालिनी पाखाडीच्या मध्यावर बसलेली, ताम्हण मांडीत. मी वरून ओरडले, "अगो ऊठ, वाटेत कसल्या गौरी बसवतेस!" ती हलली नाही. सगुणा बोंबलली, "आजी, खाली या, वैनीची छाती बघा कशी उडताय!"

उतरले. तिच्या तोंडात चूळ तशीच. गाल फुगलेले, नाकानं श्वास पुरत नव्हता, डोळे बाहेर आलेले, ओठ जांभळासारखे. आणि चूळ टाकायला तयार नाही. मी म्हटलं, "टाक ती." मान हलवलीन, नाही. "मालिनी, मी सांगत्ये, टाक!" पुन्हा नाही. तीस वर्षं मीच शिकवलं, गौरी दारात येईपर्यंत चूळ सुटता नये. शेवटी पाठीत थाप मारली तेव्हा पाणी सांडलं, खड्यांवरच. मग जो श्वास घेतलान तो अजून माझ्या कानात आहे. सगुणानं धरून तिला वर आणली. ताम्हण कोणी आणायचं? सगुणाचे हात मालिनीखाली. खडे मी उचलले, तांब्यातल्या पाण्यानं धुतले आणि मी आणले. सगुणा बोलणार नाही. तूही बोलू नकोस.

स्वयंपाक तिनं बसून केलान. तुझा काका आला होता, म्हणाला घावनं या वर्षी जाड झाली. मी त्याच्या पानात आणखी एक टाकलं.

आता ती आडवी होत नाही. आडवी झाली की छातीवर कोणी बसल्यासारखं होतं म्हणते, म्हणून भिंतीला टेकून बसलेली असते. खोकते. तोंड सुजलंय, मंगळसूत्र गळ्यात रुततं. गोळ्या तू म्हणालीस तशा चालू आहेत. एक पाकीट संपलं, दुसरं आणलं. पण दार काही ओढलं जात नाही, पाणी चढतंच आहे. म्हणून विचारते, तुझ्या उंदरांना किती दिवस लागतात? आणि पाळी पुढं ढकलायच्या ज्या दर वर्षीच्या, त्याच या. दुकानदार म्हणाला, बायकांच्या अंगातलाच रस असतो त्यात. तुझ्याकडचा वेगळा असतो का?

लवकर लिही. घाबरले नाही, विचारते.

आजी


(तार)
मुंबई, २६ सप्टेंबर

गोळ्या आत्ता बंद करा. काकूला आजच रत्नागिरीला दवाखान्यात न्या. काकांना अलोऱ्याला तार केली आहे. वृंदा


मुंबई
२७ सप्टेंबर १९८८

आजी,

तार पोचून तुम्ही निघाला असाल, तर हे पत्र बंद घरात पडेल. तसंच व्हावं.

मी उंदरांना देते तो रस आणि त्या गोळ्या एक नव्हेत. बाईच्या अंगात असे दोन रस असतात. मी देते तो पहिला. पाळी पुढं ढकलायच्या गोळीत असते ती दुसऱ्याची, कारखान्यात केलेली नक्कल. अंगातला खरा दुसरा रस मीठ सोडायला मदत करतो. नक्कल ते काम करत नाही, उलट काहीजणींच्या अंगात पाणी धरून ठेवते. धडधाकट बाईला थोडं फुगल्यासारखं होतं, गोळ्या संपल्या की उतरतं. काकूला दर वर्षी होत होतं ते हेच. आणि तिला बरं नसताना आपण त्या महिनाभर दिल्या.

माझा तो पहिला रससुद्धा मी लिहिला तितका सरळ नाही. एकीकडून हृदयाला मदत करतो, दुसरीकडून स्वतःच पाणी धरतो. हे मला ठाऊक होतं. तुला लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर गोष्ट तेवढी छान राहिली नसती. शिवाय हे सगळं उंदरांचं. बायकांमध्ये काय होतं ते अजून कोणालाच नीट सांगता येत नाही.

सरांना सगळं सांगितलं. ते या वेळी हसले नाहीत. म्हणाले, नुसत्या गोळ्यांनी इतकं होत नाही, हृदयाची झडप आधीच चिंचोळी असणार. तसं असेल तर रक्त पुढं सरकत नाही, मागं तुंबतं. वरचा कप्पा ताणून ताणून तो रस सोडत असतो. तुझ्या भाषेत, दार सताड उघडं आहे, तरी पाणी आवरत नाही. त्यात आपण वरून आणखी पाणी कोंडलं. काकूला लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, विचार.

तुझं आषाढातलं पत्र पुन्हा काढलं. "फुगल्यासारखं होतं" हे काकूचं वाक्य त्यात आहे. मी माझ्या एकेका उंदराचं वजन रोज बघते. हे वाक्य वाचून पुढं गेले. कार्डात तर तू अर्धं सांगितलंच होतंस, मी "गोळ्या" आणि "पाय" एवढंच वाचलं. आणि वर लिहिलं, कुरकुरली तरी दे. आजी, ती माझ्या नावावर गिळत होती.

वृंदा


आरे
भाद्रपद वद्य दशमी

चि. वृंदास आशीर्वाद.

रडणं पुरे. दोष वाटून घ्यायचा तर मागाहून घेऊ, मोठा वाटा माझा, माझं वय जास्त. आता कामाचं लिहिते.

तार आली त्याच संध्याकाळी भास्कर कोणाची तरी जीप घेऊन आला. मालिनीला खुर्चीवर बसवून पाखाडी उतरवलीन. रत्नागिरीच्या दवाखान्यात टोचलंनी, घागरभर मूत गेलं आणि ती पहिल्यांदा आडवी झाली. झडपच आहे. ताप आला होता म्हणे, खेडला माहेरी, दहा-अकरा वर्षांची असताना. गुडघे सुजून अंथरुणावर होती, शाळा बुडाली. लग्नाच्या वेळी आम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी ही सून केलीच नसती. बरं केलं त्यांनी.

डॉक्टर म्हणाला, दोनदा दिवस जाऊन राहिले नाहीत तेही यामुळेच असेल. मी त्या दोन्ही वेळी काय काय बोलले होते ते तुझ्या काकूला पाठ असेल. मलाही आहे.

मग भास्कर तिला मुंबईला घेऊन गेला, तुला कळलंच असेल. निघताना माझ्याशी बोलला. एरवी बोलत नाही. म्हणाला, "आई, क्वार्टर मिळून सहा वर्षं झाली. दोन खोल्या, नळाचं पाणी, चढण नाही. मी एकटा राहतो तिथं, स्टोव्हवर पिठलं करून. ती इथं घागरी वाहते. कशासाठी? तुझं आगर आणि तुझ्या गौरी."  

आता घरात मी. पितृपक्ष चालू आहे, कावळ्याला पान ठेवते. तेवढंच कोणाला तरी या म्हणायचं. काल सगुणा आली नाही तर दिवसभर तोंड उघडलं नाही. संध्याकाळी मांजराला हाक मारली तर आवाज दुसऱ्याचाच वाटला. आमटी दोघींची होते, हाताला सवय आहे. उरते, मग दुसऱ्या दिवशी तीच. पडवीत मालिनीच्या चपला आहेत. तिला खुर्चीतून नेली म्हणून राहिल्या. सगुणा विचारते, आत ठेवू का? मी म्हटलं, राहू दे तिथंच.

मुंबईचे डॉक्टर काय म्हणतात ते नीट लिही. छान करून लिहू नकोस.

आजी


मुंबई
२८ ऑक्टोबर १९८८

ती. आजीस सा. न.

छान न करता लिहिते.

काकूची झडप खूप चिंचोळी आहे. दिवाळी झाली की पहिल्याच आठवड्यात ऑपरेशन. छातीची बाजू उघडून बोटानं झडप मोकळी करतात. बहुतेक जण बरे होतात. सगळे होत नाहीत. सूज उतरली आहे, तिचे घोटे दिसू लागले आहेत. गळ्याची हाडं वर आली आहेत.

मी रोज संध्याकाळी जाते. पहिल्या दिवशी तिच्यापुढं उभी राहून सगळं सांगितलं, कार्डाचं, कुरकुरीचं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझ्या उंदरांना आज कोणी पाणी घातलं?" एवढंच. मग वेणी सोड म्हणाली. तेल नव्हतं, नुसती बोटं फिरवली.

आता जे लिहिते ते तिनं लिही म्हटलेलं नाही. काल ती मध्येच म्हणाली, "पुढच्या वर्षी गौरी कोण आणणार?" मी म्हटलं, मी येईन. तर म्हणाली, "तू तर लग्न करून जाशील कुठंतरी. मग मीच. मी त्या गोळ्या नाही घेणार, वृंदा." एवढं बोलून तिनं दाराकडं बघितलं, कोणी ऐकलं का. दार बंद होतं, आजी. तू आरेला होतीस.

काका रोज अलोऱ्याबद्दल बोलतो. खोलीला रंग काढून घेतो म्हणतो, गॅसचा नंबर लावलाय, बरी झाली की सरळ तिकडंच. ती हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. डॉक्टर विचारतात तेव्हाही काकाच उत्तर देतो, नाहीतर मी. परवा डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना बाहेर काढलं.

तिला काय हवं आहे हे मला कळत नाही. कदाचित तिलाही कोणी कधी विचारलं नाही.

तुझा एकटीचा दिवस कसा जातो? सगुणाला रात्री झोपायला बोलाव.

वृंदा


आरे
आश्विन वद्य एकादशी

माझा दिवस कसा जातो हे कोणी कोणाला विचारायचं? ऑपरेशन तिचं आहे. माझा दिवस सकाळी सुरू होतो आणि संध्याकाळी संपतो, त्यात लिहिण्यासारखं नाही. सगुणाला बोलावलं होतं. घोरते. परत पाठवली.

चि. वृंदास आशीर्वाद.

आता इथून पुढचं पत्र दवाखान्यात नेऊन मालिनीला वाचून दाखव. भास्कर नसताना. मध्ये मध्ये गोड करू नकोस, आहे तसं वाच.

मालिनी, तू दाराकडं बघितलंस असं वृंदानं लिहिलंय. बघायचं काही नव्हतं. त्या गोळ्या पुन्हा या घरात येणार नाहीत. गौरीला नाहीत, सत्यनारायणाला नाहीत, कोणाच्या मुंजीला नाहीत. उरलेलं पाकीट मी चुलीत घातलं, घाणेरडा वास आला. पाळी आली तर येऊ दे. मागच्या पडवीत बसायचं नाही, माजघरात बस. चुलीपुढं बसलीस तरी मी बघायला येणार नाही.

गौरींचं मी ठरवलंय. पुढच्या वर्षी वृंदा आली तर ती आणील. नाही आली तर मी आणीन. भटजी परवा आले होते, त्यांना सांगूनच टाकलं. म्हणाले, "आनंदीबाई, विधवेनं आणलेल्या गौरी चालत नाहीत." मी म्हटलं, या वर्षी आणल्यात, तुम्ही जेवून गेलात. घावनं तर चार खाल्लीत. ते उठून गेले. पुढच्या वर्षी येतात की नाही बघू. नाही आले तर तांदूळ वाचतील.

आता अलोऱ्याचं. भास्कर म्हणतो ते खरं आहे. तुला मी इथं ठेवली. आगर म्हणून नाही, गौरी म्हणूनही नाही. मला एकटीला राहता येत नाही म्हणून. हे त्याला सांगू नकोस, तुला सांगते आहे. तिथं नळ आहे, चढण नाही, नवरा आहे. इथं पाखाडी आहे आणि मी. मी काही गोड होणार नाही, या वयात जमायचं नाही. विहिरीवर पंप बसवायला माणूस बघून ठेवला आहे, तू ये नाहीतर येऊ नकोस, पंप बसणार. घागर मलाही आता उचलवत नाही.

तेव्हा विचारते. तीस वर्षांत विचारलं नाही, आता विचारते. तुला कुठं राहायचं आहे? अलोऱ्याला म्हणालीस तर तुझं सामान बांधून सगुणाच्या भावाबरोबर पाठवीन, काही मागं ठेवणार नाही. आरे म्हणालीस तर ये. दोन्ही नको, माहेरी खेडला म्हणालीस तरी चालेल, तुझा भाऊ ठेवील. मला वाईट वाटेल का, हा विचार करायचा नाही. तो तू पुष्कळ केलास.

वृंदा, मालिनीचं संपलं. आता तुला. हे वाचून झालं की तिच्या हातात कागद आणि पेन दे आणि बाहेर जाऊन उभी राहा. आज लिहिता आलं नाही तर ऑपरेशननंतर, उठून बसली की. मला घाई नाही. पण या पत्राचं उत्तर तू लिहायचं नाहीस, भास्करनं लिहायचं नाही, तुझ्या बापानं लिहायचं नाही. तार तर मुळीच करायची नाही. मालिनीनं लिहायचं, स्वतःच्या हातानं. दुसऱ्या कोणाच्या अक्षरातलं पत्र आलं तर मी ते उघडणार नाही.

आनंदीबाई